वॉटर कूलिंग कुठून सुरू करावं? आधी उष्णता कुठे अडतेय ते शोधा

तुमचा प्रश्न बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात पुन्हा मांडतो. नागपुरात घर, आय७-१३७००के प्रोसेसर, आरटीएक्स ४०७० कार्ड, समोरून अख्खी काच असलेलं कॅबिनेट आणि एका फॅनचा टॉवर कूलर. ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये रेंडर लावला, म्हणजे अंतिम चित्र तयार करायला दिलं, की एप्रिल-मेमध्ये प्रोसेसर १०० अंशांना जाऊन टेकतो आणि रेंडरचा वेग पडतो. पंधरा हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. वॉटर कूलिंग करायचं तर तयार बंद संच घ्यावा की सुटे भाग आणून स्वतः लूप, म्हणजे पाणी फिरण्याची वाट, बांधावा, हा प्रश्न. आणि पाणी गळून सगळंच वाया गेलं तर, ही धास्ती.

मी पुण्यात पंधरा वर्षं कॉम्प्युटर जोडण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो. बंद संच शेकड्याने लावलेत, सुट्या भागांचे लूप तीसेक बांधलेत, आणि त्यातले काही अजूनही पाणी बदलायला माझ्याकडे येतात. उन्हाळा लागला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याला हवं असतं दुकानात सांगायला एक नाव. पण प्रोसेसरपासून खोलीच्या खिडकीपर्यंतच्या वाटेत उष्णता नक्की कुठे अडतेय, हे कळल्याशिवाय नाव सांगण्यात अर्थ नाही. ती जर काचेमागे अडत असेल तर पंधरा हजारांचं पाणीही तिथेच तापत बसेल.

वॉटर कूलिंग म्हटलं की विदर्भातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर खिडकीतला कूलर येणं साहजिक आहे. गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. कूलरमध्ये पाणी ताट्यांवरून ओघळतं, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेतं. म्हणून बाहेर ४४ अंश असले तरी खोलीत गार वारा येतो. कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगमध्ये वाफ होण्याचा संबंधच नाही. ते गाडीच्या रेडिएटरसारखं चालतं. नळीतलं पाणी गरम भागाला स्पर्श करून उष्णता उचलतं, रेडिएटरपर्यंत नेतं, फॅन ती हवेत सोडतो आणि तेच पाणी परत फिरतं. त्यामुळे हे पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. खोली ३८ अंशांवर असेल तर पाणी ३८च्या वरच राहणार, मग संच कितीही महागाचा घ्या.

दुसरा गैरसमज खोलीबद्दलचा. तुमचा कॉम्प्युटर भिंतीतून ४५० वॅट घेत असेल तर तेवढी सगळी उष्णता शेवटी खोलीतच येते. हवेने थंड केला तरी आणि पाण्याने थंड केला तरी. वॉटर कूलिंगने खोली तसूभरही गार होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या तिघा-चौघांना ही अपेक्षा असते, म्हणून आधीच स्पष्ट सांगतो.

मग पाण्याचा उपयोग काय? तर वाहून नेण्याची ताकद. एक लिटर पाणी एका अंशाने तापायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. एक लिटर हवेला जेमतेम १.२ ज्यूल. म्हणजे तेवढ्याच जागेत पाणी हवेच्या साधारण साडेतीन हजार पट उष्णता उचलतं. लूपमधून मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल तर ७० वॅटला ते फक्त एका अंशाने तापतं. प्रोसेसरजवळच्या चिंचोळ्या जागेतून उष्णता उचलायची आणि जिथे मोठी जाळी, मोठे फॅन मावतील तिथे नेऊन सोडायची, हे काम पाणी उत्तम करतं. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या परम ब्रह्म या सुपरकॉम्प्युटरमध्येही द्रव थेट गरम भागांपर्यंत नेऊनच उष्णता उचलतात. थोड्या जागेत पुष्कळ वॅट कोंबले की हाच मार्ग उरतो.

पण या प्रवासाचा जो भाग पाण्याच्या हातात नाही, तोच तुमच्या प्रोसेसरमध्ये सगळ्यात मोठा आहे. चिप नखाएवढी. तिच्यावर धातूचं झाकण, झाकणावर थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप), पेस्टवर कूलरची तांब्याची प्लेट, आणि मग पाणी. १३७००के पूर्ण जोर लावतो तेव्हा इंटेलच्याच आकड्यांप्रमाणे २५३ वॅट खाऊ शकतो. एवढी उष्णता त्या नखाएवढ्या जागेतून पाण्यापर्यंत पोचेपर्यंतच ४० ते ४५ अंशांचा फरक पडतो, असं मला वारंवार दिसलं आहे. पाणी आणि खोलीतली हवा यांच्यात चांगल्या ३६० मिमी रेडिएटरला आणखी दहा-बारा अंश धरा. आता हिशोब करा. खोली ३२ अंश, त्यात १२, त्यात ४५. झाले ८९. हे ३६०च्या रेडिएटरने, स्वच्छ हवा मिळत असताना. खिडकीतला कूलर बंद असलेल्या ४० अंशांच्या खोलीत हाच संच ९७च्या आसपास जाईल, आणि त्यात संचाचा काही दोष नसेल.

म्हणून मी नुसतं तापमान विचारत नाही. खोलीचं तापमान आणि प्रोसेसरचं तापमान यातला फरक विचारतो, आणि तो किती वॅटला, हेही. डिसेंबरात ७५ आणि मेमध्ये ९५ दिसले म्हणून लोक घाबरून येतात. खोलीचा पारा १८वरून ३८वर गेलेला असतो. कॉम्प्युटर होता तसाच असतो.

तेव्हा पहिली पायरी फुकटातली. एचडब्ल्यूइन्फो नावाचा प्रोग्रॅम मोफत मिळतो, तो सुरू ठेवा आणि सिनेबेंच ही प्रोसेसरची चाचणी किंवा तुमचाच एखादा जड रेंडर पंधरा मिनिटं चालवा. 'सीपीयू पॅकेज पॉवर' हा वॅटचा आकडा आणि 'सीपीयू पॅकेज' हे तापमान लिहून घ्या. शेजारी साधं भिंतीवरचं थर्मामीटर ठेवा, पण कॅबिनेटच्या मागच्या गरम झोतात नको. मग कॅबिनेटची बाजूची काच काढून तोच रेंडर पुन्हा लावा. काच काढल्यावर तापमान सहा-सात अंशांनी उतरलं, किंवा तापमान तेच राहून वॅट वाढले, तर दोष कॅबिनेटकडे आहे. काहीच फरक पडला नाही तर कूलर कमी पडतोय किंवा पेस्ट सुकली आहे.

तुमच्या वर्णनावरून मला कॅबिनेटवर दाट संशय आहे. का ते आकड्यात सांगतो. प्रोसेसर आणि कार्ड मिळून ४५० वॅटची उष्णता बाहेर काढायची, आणि आतली हवा खोलीपेक्षा दहा अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, तर दर सेकंदाला सुमारे ४० लिटर हवा आत येऊन बाहेर गेली पाहिजे. पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन जार डोळ्यांसमोर आणा. दर सेकंदाला तेवढी हवा. समोर अखंड काच आणि कडेला बोटभर फट, एवढ्यातून ती येत नाही. फॅन आवाज करतात, फिरतात, आणि आतलीच गरम हवा घुसळत राहतात. समोर जाळी असलेलं साधं कॅबिनेट दिसायला कमी असेल, पण या एका बदलाने आठ अंश उतरलेले मी स्वतः पाहिलेत.

दुसरी फुकटची गोष्ट बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये आहे. अनेक मदरबोर्ड प्रोसेसरला किती वॅट खायचे याची मर्यादा कारखान्यातूनच काढून टाकतात. तिथे पीएल१ आणि पीएल२ असे दोन आकडे असतात, ते दोन्ही १८० करा आणि रेंडरला किती वेळ लागतो ते मोजा. मी लावलेल्या १३७००केवर वेळ दहा टक्क्यांच्या आतच वाढला, आणि उष्णता मात्र ७० वॅटने घटली. शेवटच्या त्या ७० वॅटसाठीच लोक हजारो रुपये मोजतात. तुम्हाला रेंडरची घाई किती, डेडलाइनवर पैसे अवलंबून आहेत का, यावर हा निर्णय आहे. तो तुम्हीच करू शकता, पण आकडा बघून करा. बायोसमध्ये शिरलाच आहात तर ते अद्ययावतही करून घ्या. १३व्या आणि १४व्या पिढीच्या प्रोसेसरना जास्त व्होल्टेज जाऊन अस्थिरता येण्याचा प्रश्न होता आणि इंटेलने २०२४मध्ये त्यावर मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, दिली. ती बायोसमधूनच येते. तुमचा प्रोसेसर त्याच गटातला आहे, त्यामुळे हे पुढे ढकलू नका.

एवढं करूनही आकडे वरच राहिले, तर वॉटर कूलिंगचं बोलू.

पहिल्यांदाच करणाऱ्याला मी बंद संचच सुचवतो. बाजारात त्याला एआयओ म्हणतात. पंप, प्लेट, नळ्या, रेडिएटर सगळं कारखान्यात भरून सीलबंद येतं. रेडिएटरची मापं १२०, २४०, २८०, ३६० अशी मिमीमध्ये असतात. १२०च्या वाटेला जाऊ नका. त्या पैशात चांगला दोन टॉवरचा हवेचा कूलर त्याच्यापेक्षा सरस काम करतो, आणि त्यात बिघडायला फॅनशिवाय काही नाही. साध्या ६५ वॅटच्या प्रोसेसरला मी पाणी सुचवतच नाही, कुणी हौसेने मागितलं तरी आधी समजावतो. तुमचा २५३ वॅटचा आहे, तुम्हाला ३६० घेण्यात अर्थ आहे. मर्यादा १८०वर ठेवून समाधान असेल तर २४० किंवा तो दोन टॉवरचा कूलरही पुरेल.

घेण्याआधी कॅबिनेट मोजा. साधारण २७ मिमी रेडिएटर आणि २५ मिमी फॅन मिळून ५२ मिमी जाडी होते. काही संचांचा रेडिएटर याहून जाड असतो. छताला लावणार असाल तर छत आणि मदरबोर्डची वरची कड यात तेवढी जागा हवी, आणि रॅमच्या उंच पट्ट्या मध्ये येता कामा नयेत. खोक्यावर '३६० सपोर्ट' लिहिलेलं असतं, पण ते समोरच्या बाजूसाठी आहे की वरच्या, हे बारीक अक्षरात असतं. संच घरी आल्यावर हे कळलेली माणसं माझ्याकडे बरीच येतात.

रेडिएटर कुठे लावायचा यावर खूप वाद चालतात. माझा नियम सोपा आहे. प्रत्येक बंद संचात थोडी हवा असतेच आणि वर्षं जातील तशी ती वाढते, कारण नळीच्या रबरातून पाण्याचा अंश अगदी हळूहळू उडून जातो. हवा सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. ती उंच जागा रेडिएटरमध्ये असावी, पंपात नसावी. छताला लावलात तर हे आपोआप जमतं. समोर उभा लावलात तर रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा उंच हवं, आणि शक्यतो नळ्या खालच्या बाजूने निघाव्यात. रेडिएटर कॅबिनेटच्या तळाला आणि पंप वर, असं मात्र कधीच करू नका. पंपात हवा अडकते, गुळगुळ आवाज येतो आणि पंप लवकर जातो.

आता प्रत्यक्ष लावताना. कॉम्प्युटर दहा मिनिटं चालवून मग बंद करा आणि जुना कूलर काढा. पेस्ट कोमट असली की कूलर किंचित पिळून अलगद सुटतो. थेट वर ओढू नका; तुमचा प्रोसेसर सॉकेटच्या पट्टीखाली धरलेला आहे, पण एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये प्रोसेसर कूलरला चिकटून पिनांसकट उपटून येतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सोडणाऱ्या कापडाने पुसा. झाकणावर तूरडाळीच्या दाण्याएवढी पेस्ट मध्यभागी आणि चार कोपऱ्यांकडे त्याहून लहान टिपके, एवढी पुरते. प्लेटवरची पारदर्शक फिल्म काढली ना, हे दोनदा बघा. चारही स्क्रू आधी दोन-दोन आटे बसवा आणि मग समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे आवळा, चाकाचे नट आवळतात तसे. एकच कोपरा आधी पूर्ण आवळला की प्लेट तिरकी बसते, आणि दहा अंश तिथेच गेले.

पंपाची वायर 'एआयओ पंप' लिहिलेल्या जागी लावा आणि पंप कायम पूर्ण वेगाने चालू द्या, संचासोबतच्या कागदात वेगळं लिहिलं नसेल तर. फॅनचा वेग मात्र संथपणे चढू-उतरू द्या. पाणी तापायला मिनिटं लागतात, प्रोसेसर क्षणात उडी मारतो. फॅन जर त्या उडीमागे धावले तर सारखी घरघर होते आणि उपयोग काहीच नाही.

ग्राफिक्स कार्डाचं विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच येतो. ४०७० दोनशे वॅटचं कार्ड आहे आणि त्यावरचा कूलर त्याला पुरून उरतो. त्याला फक्त गार हवा मिळू द्या. समोरची जाळी इथेही कामाला येते.

राहिला सुट्या भागांचा लूप. हे काम मला मनापासून आवडतं, म्हणूनच सांगतो की नुसतं तापमान कमी करायला यात पडू नका. फक्त प्रोसेसरचा नीट लूप बांधायला सध्या तीस-चाळीस हजार लागतात, आणि तुमच्या प्रोसेसरवर चांगल्या ३६० एआयओच्या तुलनेत फायदा चार-पाच अंशांचा. कारण वर सांगितलंच: मोठा फरक चिप आणि प्लेट यांच्यात पडतो आणि तो दोन्हीकडे सारखाच. लूप बांधावा तो प्रोसेसर आणि मोठं कार्ड दोन्ही एकाच रेडिएटरवर शांतपणे चालवायचे असतील, किंवा हाताने काही घडवण्याची ओढ असेल तर. शिवाय साल-दीड सालाने पाणी उतरवून पुन्हा भरण्याची तयारी हवी. ती नसेल तर तुमच्यासाठी हे नाही.

तरी पुढेमागे करणार असाल तर तीन गोष्टी आत्ताच मनात ठेवा. पहिली, धातू. तांबं, पितळ आणि निकेलचा मुलामा एका लूपमध्ये चालतात. त्यात अॅल्युमिनियमचा रेडिएटर घातला की दोन धातू आणि मधलं पाणी मिळून एक बॅटरीच तयार होते आणि अॅल्युमिनियम झिजत जातं. एकाने स्वस्तात मिळाला म्हणून असा रेडिएटर तांब्याच्या ब्लॉकला (प्रोसेसरवर बसणाऱ्या, आतून पाणी फिरणाऱ्या प्लेटला) जोडला होता. आठ महिन्यांनी माझ्याकडे आला तेव्हा ब्लॉक उघडल्यावर आतल्या केसासारख्या बारीक खाचांत करडा, बुळबुळीत गाळ बसला होता. टूथब्रशने घासून तो निघेना. बहुतेक बंद संचांतही अॅल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याची प्लेट असते, पण तिथलं द्रव गंज रोखणाऱ्या रसायनांसह कारखान्यात भरलेलं असतं आणि बाहेरची हवा आत येत नाही.

दुसरी, पाणी. तुमच्या कूलरच्या ताट्यांवर उन्हाळा संपताना जो पांढरा कडक थर बसतो, तो पाण्यातला क्षार. नळाचं किंवा बोअरचं पाणी भरलं तर तोच थर ब्लॉकच्या खाचांत बसेल. आरओचं पाणीही नको. पाण्यातले क्षार मोजणारं घरातलं टीडीएस मीटर त्यात बुडवा, बहुधा पन्नास-साठ तरी दाखवेल. डिस्टिल्ड पाणी हवं, ज्यात मीटर शून्य किंवा एक दाखवतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारं पाणी कधी चांगलं असतं, कधी नसतं. मी प्रयोगशाळांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानातून आणतो आणि तरीही मीटर लावतो. त्यात शेवाळ आणि गंज रोखणारं, याच कामासाठी मिळणारं मिश्रण घाला. गाडीचं कूलंट घालू नका. ते इंजिनासाठी आहे, त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते विषारी आहे. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर विशेष सांभाळा. रंगीत, दुधाळ, चमचमणारी द्रवं फोटोसाठी छान दिसतात, पण त्यातले कण खाचांत साचतात. नळी मऊ, काळ्या ईपीडीएम रबराची घ्या. स्वस्त पारदर्शक नळीतला मऊपणा आणणारा पदार्थ पाण्यात उतरतो आणि तोही ब्लॉकमध्येच जाऊन बसतो.

तिसरी, सांधे. या फिटिंगचे आटे जी वन-फोर मापाचे असतात, म्हणजे नळकामातल्या पाव इंची आट्यांसारखे. त्यामुळे ओळखीचा प्लंबर टेफ्लॉन टेप गुंडाळून पान्याने आवळायला बघतो. इथे टेप लागत नाही. पाणी अडवतं ते फिटिंगच्या तळाशी बसलेलं ओ-रिंग, म्हणजे रबराचं कडं. ते बोटांनी आवळून टेकलं की बास. माझ्या दुसऱ्याच लूपमध्ये मी एक फिटिंग पान्याने अर्धा आटा जास्त फिरवलं. ओ-रिंग कडेला चिमटलं गेलं. भरताना काहीच दिसलं नाही. तिसऱ्या तासाला कार्डाच्या पाठीवर ठेवलेल्या टिश्यू पेपरवर एक गोल ओला डाग पसरला होता, रुपयाएवढा. कॉम्प्युटर चालू नव्हता, फक्त पंप चालू होता, म्हणून कार्ड वाचलं.

ती चाचणी अशी करतात. मदरबोर्ड, कार्ड, ड्राइव्ह सगळ्यांच्या पॉवरच्या वायरी काढून ठेवायच्या. पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या जोडात हिरवी वायर आणि शेजारची काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडायची. सगळ्या वायरी काळ्याच असतील तर त्यासाठीचा छोटा प्लग मिळतो, तो लावायचा. त्यामुळे फक्त पंपाला वीज मिळते. रिझर्व्हॉयर (लूपची पाण्याची टाकी) भरायचं, पंप काही सेकंद चालवायचा, पाणी खाली गेलं की बंद करून पुन्हा भरायचं. पंप कोरडा फिरू द्यायचा नाही, त्याच्या बेअरिंगला वंगण पाण्याचंच असतं. भरलं की कॅबिनेट हळूच पुढे-मागे कलवायचं, म्हणजे अडकलेले बुडबुडे निघतात. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू, आणि पूर्ण एक दिवस तसंच. रात्री झोपण्याआधी आणि सकाळी उठल्याबरोबर बघायचं. लूप बांधतानाच सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायची एक तोटी ठेवा. वर्षाने स्वतःचेच आभार मानाल.

तुमच्यापुरतं सांगायचं तर मी या क्रमाने जाईन. या आठवड्यात मोजणी, बायोस आणि १८० वॅटची मर्यादा. मग समोर जाळी असलेलं आणि छताला खरोखर ३६० मावणारं कॅबिनेट, साधारण पाच-सहा हजारांचं. त्यावर पुन्हा मोजणी. तरीही २५३ वॅटचा पूर्ण वेग हवाच असेल तर उरलेल्या पैशात ३६०चा साधा बंद संच. दिवे, स्क्रीन यांचे पैसे देऊ नका, वॉरंटी पाच-सहा वर्षांची आहे का आणि ती भारतात मिळते का, ते बघा. कॅबिनेट न बदलता ३६० लावणं मात्र टाळा. आणि कॉम्प्युटर खिडकीतल्या कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. गार खोलीचा फायदा घ्या, पण त्या झोतात दमटपणा असतो, कधी तुषारही असतात. धूळ त्यांच्यासोबत जाळीला चिखलासारखी चिकटते. माठातलं किंवा बर्फाचं पाणी फिरवायचा प्रयोगही नको. हवेतल्या दवबिंदूच्या खाली नळी गेली की तिला बाहेरून पाणी सुटतं, गार पाण्याने भरलेल्या तांब्याला सुटतं तसं, आणि ते थेट मदरबोर्डवर ठिबकतं.

आता गळतीची धास्ती. बंद संच गळण्याचं प्रमाण मी पाहिलंय त्यात फार थोडं आहे. पंप मंदावणं आणि रेडिएटर धुळीने भरणं हेच जास्त. धुळीसाठी दर दोन-तीन महिन्यांनी ब्लोअर मारा, पण फॅनची पाती बोटाने धरून, नाहीतर ती वाऱ्याने बेफाम फिरून फॅन खराब होतो. तापमान अचानक वीसेक अंशांनी वाढलं आणि एक नळी गरम, दुसरी गार लागली, तर पाणी फिरत नाहीये, पंप गेला असं समजा. प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, जळत नाही. पाच-सहा वर्षांनी संच बदलायचाच आहे असं आजच धरून चला.

आणि कधी थेंब दिसलाच तर विंडोज नीट बंद करायची वाट बघू नका. मागचा स्विच बंद, प्लग बाहेर. कार्ड आणि रॅम काढा, कॅबिनेट आडवं करून पाणी भागांपासून दूर जाईल असं ठेवा. आत बहुधा ग्लायकॉल असतं, त्यामुळे नुसतं वाळवून चालत नाही. ओले भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या (अॅक्रिलिकच्या भागांना मात्र ते लावू नका, तडे जातात) आणि दोन दिवस पंख्याखाली राहू द्या. हेअर ड्रायर नको. चालू असताना ओली झालेली बोर्डं गेलेली मी पाहिली आहेत. पहिल्या मिनिटात प्लग काढलेली बहुतेक परत सुरू झाली.